पाण्याची धार आणि ढेंगळे सर

डॉ. मनोहर ढेंगळे सरांची आणि माझी पहिली भेट द्रवगतिशास्त्राच्या वर्गात झाली. मी भिवापूरहून नागपुरात नुकतीच आले होते. सरांनी फळ्यावर एक चौकोन काढला आणि विचारले, "आत किती आलं, बाहेर किती गेलं, आत उरलं किती?" कुठलेही समीकरण मांडण्याआधी सर हा चौकोन काढणारच. आम्ही त्यांना पाठीमागे 'चौकोन सर' म्हणत असू, आणि ते त्यांना पक्के ठाऊक होते.

पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मी उतारावरून वाहणाऱ्या पाण्यावर पीएच.डी. केली. प्रबंधाच्या शेवटच्या दिवसांत सरांनी मला नागपूरच्या बेसा भागातल्या आपल्या घरी ठेवून घेतले. सरांच्या पत्नीने, काकूंनी, ताट वाढले की सर चुका दाखवणे थांबवत. जेवताना पोरीला रडवायचे नाही, असा काकूंचा हुकूमच होता.

तोंडी परीक्षेत मात्र माझी गाळण उडाली. बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारले, "तुमचं पाणी उतारावरून खाली येतं. मग वस्तुमान अक्षय्यतेच्या समीकरणात गुरुत्वाकर्षण कुठे आहे? पायाच चुकला असेल, तर प्रबंध परत न्यावा लागेल." उत्तर मला येत होते, पण तोंडातून शब्द फुटेना. अशा वेळी मार्गदर्शकांनी बोलायचे नाही, असा संकेत असतो, आणि सर तो काटेकोर पाळत. बाहेर बाकावर माझे बाबा वाट पाहत होते.

सरांनी फक्त तांब्या उचलला. "घसा कोरडा पडला असन तुहा. पाणी पी वं," एवढेच म्हणाले आणि जरा उंचावरून पेल्यात पाणी ओतले. धार वर जाड होती, खाली बारीक. माझी जीभ सुटली. "गुरुत्वामुळे वेग वाढतो, म्हणून धार बारीक होते. पण पाणी तेवढंच राहतं. गुरुत्व संवेगाच्या समीकरणात येतं. वस्तुमानाच्या हिशेबात त्याला जागा नाही."

परीक्षक हसले. "हेच ऐकायचं होतं."

सरांनी पाणी मुद्दाम उंचावरून ओतले का, हे मी आजवर विचारलेले नाही.

बाहेर येताच मला रडू कोसळले. बाबा घाबरून उठले. "काय झालं वं? नापास केलं काय?"

"भाऊ, डॉक्टर झाली तुमची पोरगी," सर म्हणाले. "आता रडून काहून राहिली, ते तिलेच विचारा."

बाबा मटकन खाली बसले आणि हसतच सुटले. इतका हलका जीव माझा पुन्हा कधी झाला नाही.

आज मीही मार्गदर्शक आहे. विद्यार्थी अडखळला की माझी जीभ वळवळते, आणि मी हटकून मध्ये बोलते. पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. सर, उत्तर माहीत असून गप्प बसणे मला अजून जमलेले नाही. ते शिकवायला आपण हवे आहात.