शंभर टक्क्यांबाहेरचा पाचर

त्याच्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, तेव्हा तो माझ्या टेबलाखाली होता. नववीचा वर्ग सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड होता. हात टेकला की ते कलायचं आणि हजेरीच्या वहीवर शाई सांडायची. मधल्या सुट्टीनंतर वर्गात आले, तर टेबलाखालून दोन तळवे बाहेर आलेले.

"कोण आहे रे खाली?"

"एक मिनिट बाई. आत्ता हात टेकू नका."

कुठल्याशा फळकुटाची पाचर तासून त्याने ती पायाखाली ठोकली होती. टेबल पुढे मी निवृत्त होईपर्यंत हललं नाही. वर्गाने त्याच दिवशी त्याचं नाव पाचर ठेवलं आणि आठवड्याभरात मीही तेच म्हणू लागले.

पाचर मठ्ठ नव्हता. गणितात उत्तर बरोबर लिहायचा, पण रीत लिहायचा नाही. "हे कसं आलं?" म्हणून विचारलं, तर मान खाली घालून म्हणायचा, "दिसलं, बाई." दिसण्याला गुण नसतात. बीजगणितात तर त्याला काही दिसायचंही नाही.

ती मुलं दहावीत गेली त्या वर्षी आमच्या मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं, की शाळेचा निकाल शंभर टक्के लागलाच पाहिजे. पूर्वपरीक्षेत पन्नासातली नऊ मुलं गचकली, पाचर त्यांतलाच. या नऊ जणांनी शाळेतर्फे न बसता बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरायचा, असं ठरलं. पालकांना समजावण्याचं काम वर्गशिक्षिका म्हणून माझ्याकडे आलं. पाचरचे वडील ट्रक चालवत. ते टोपी हातात धरून बसले आणि म्हणाले, "बाई म्हणतात म्हणजे पोराच्या भल्याचंच असणार." त्यांनी सही केली.

उरलेली एकेचाळीसच्या एकेचाळीस मुलं पास झाली. पेपरात शाळेचा फोटो आला. पाचर दुसऱ्याच केंद्रावर, अनोळखी मुलांत बसून परीक्षा देऊन आला आणि गणितात सहा गुणांनी गेला. पुढे आणखी दोनदा बसला, दोनदा नापास झाला, मग बसायचा थांबला. ते नऊ जण मी विसरले नव्हते. त्यांचा विषय निघेल असं कुठे काही बोलायची वेळ आली नाही, इतकंच.

गेल्या वर्षी तो माझ्या दारात उभा राहिला. केस पांढरे, भुवया वाफेने भाजून विरळ झालेल्या.

"बाई, ओळखलंत?"

"पाचर ना रे? ये, आत ये."

तो आत आला, पण खुर्चीच्या कडेवरच टेकला. रुग्णालयातल्या बॉयलरवर तो सत्तावीस वर्षं कामाला होता. शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायची वाफ, धुलाईघराचं गरम पाणी, सगळं त्याच्या हातात. आधी नुसता मदतनीस होता. कायम करताना दहावी पास लागत होतं. तिथल्या कारकुनाने त्याच्या दाखल्यावर आमच्या शाळेचं नाव आणि साल पाहिलं. कारकुनाची भाची त्याच वर्गातली.

"ते म्हणाले, अरे, तुमचा तर निकाल शंभर टक्के! मार्कशीट सवडीने आणून दे. आणि लिहून टाकलं पास. मी गप्प बसलो, बाई. मी एवढंच केलं."

आता व्यवस्थापन बदललं होतं. महिनाअखेरपर्यंत मार्कशीट द्या, नाही तर बॉयलर सोडा. आणि बॉयलर सोडायचा म्हणजे त्यामागच्या दोन खोल्याही सोडायच्या. बायको, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलगी आणि तो, तिघं त्या खोल्यांत राहत.

"घरात अजून कुणाला सांगितलं नाही. पोरगी मला विचारून विचारून अभ्यास करते हो. बाबा दहावीला गणितात किती होते, म्हणते."

पुढच्याच रविवारी त्या तुकडीचं स्नेहसंमेलन होतं. त्याला बोलावणं नव्हतं, पण तो गेला. आमच्या वर्गातली एक मुलगी डॉक्टर झालेली आणि त्याच रुग्णालयाच्या समितीवर असलेली, म्हणून. सभागृहात मोठा फलक लावला होता: शंभर टक्के निकालाची तुकडी. मी पहिल्या रांगेत बसले होते. तो डॉक्टरीणबाईंना गाठून अडखळत बोलू लागला, तोवर भोवती चारजण जमले.

"पाचर! अरे लेका, होतास कुठे?"

"मार्कशीट मिळत नाहीये का तुझी? दुसरी प्रत काढ की. त्यात काय एवढं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तसं नाही... मी त्या वेळी..."

"नापास होतास म्हणतोस की काय?" बँकेत असलेला एकजण हसत सुटला. "शंभर टक्क्यांत नापास व्हायला जागाच नव्हती, राजा! बाईंना विचार."

सगळे माझ्याकडे बघू लागले, तोही. ती मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं, की बाकं पन्नास जणांची होती. मी म्हटलं, "आधी जेवून घ्या रे सगळे." पाचर न जेवता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आला. "बाई, दोन ओळी लिहून द्या. मी दहावीपर्यंत तुमच्या वर्गात होतो, एवढंच. त्यावर काहीतरी भागेल."

मी दोन ओळी लिहिल्या नाहीत. इतकी वर्षं जे बोलले नव्हते ते सगळं लिहिलं: नऊ मुलं, बाहेरून भरलेले फॉर्म, पालकांच्या सह्या, त्याचे सहा गुण. दोष शाळेचा आणि माझा आहे, शिक्षा याला होऊ नये, असंही लिहिलं. कागद त्याच्यापुढे धरला. "वाचून बघ."

"तुम्ही लिहिलंय, बाई. मी काय तपासायचं?"

आम्ही दोघं मिळूनच रुग्णालयाच्या कार्यालयात गेलो. खिडकीवर पत्र दिलं, त्यावर आवक शिक्का पडला. अधिकारी माझ्या मुलीपेक्षाही लहान होती. तिने पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"आजी, आतापर्यंत यांची मार्कशीट मिळत नाही, इतकंच आमच्या कागदावर होतं. मी मुदत वाढवत राहिले असते. आता हे नापास असल्याचा लेखी पुरावा आलाय, तोही वर्गशिक्षिकेच्या सहीचा."

मी म्हटलं, "मग द्या ते परत. मी दुसरं लिहिते."

"नोंद झाली हो."

पाचर टेबलाजवळ सरकला. "मॅडम, माझे डोळे बांधा. नुसत्या आवाजावरून किती दाब आहे ते सांगतो. एक आकडा चुकला तर आत्ता चालता होतो. हवं तर परीक्षेलाही बसतो, पुन्हा बसतो. महिनाभर तरी खोल्या राहू द्या. पोरीची परीक्षा होईपर्यंत तरी, मॅडम."

"मला माहीत आहे, काका. तुमच्यासारखा माणूस आम्हालाही मिळायचा नाही." ती हे मनापासून म्हणाली आणि तरीही कागद फाइलीत गेला.

जिन्यात त्याने कठडा धरला आणि तो तिथेच पायरीवर बसला. वर्गात कधी न रडलेला मुलगा माझ्यासमोर तोंडात रुमाल कोंबून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो बाजूला झाला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही खरं तेच लिहिलंत." त्याच्या आवाजात टोमणा शोधला मी. सापडला असता तर बरं झालं असतं.

महिनाअखेरीस त्याने खोल्या रिकाम्या केल्या. बायको आणि मुलगी मेहुण्याकडे राहतात. तो त्याच रुग्णालयात, सकाळी सात ते तीन, वॉर्डांतल्या मळक्या चादरी गाड्यावर घालून धुलाईघरात नेतो.