श्वास रोखला की भूत पुढे जातं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि सांगायचं तर आधी सिनेमांबद्दल सांगावं लागेल – त्यांचं नाव निघालं की या वयातही माझे पाय चुळबुळतात.

कसले सिनेमे? अहो, परदेशी – मारामारीचे, भुतांचे आणि पोट दुखेपर्यंत हसवणारे! मुंडकं उडतं आणि हवेतूनच स्वतःच्या धडाला शिव्या घालतं. आचारी शेवयांनी चेटकिणीला बांधतो. रक्ताची पिचकारी छताला लागते, खाली एक म्हातारा शांतपणे छत्री उघडतो. किळस यावी तिथे हसू फुटतं – दिवसभर शहाण्यासारखं वागणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

आणि मी शहाणाच होतो. हाटकेशला एका कारखान्यात सुपरवायझर, रविवारी सकाळी विहारात पंचशील सांगणारा. हिंसा नको, खोटं नको – लोक माझ्यामागून म्हणायचे. दुपारी बायको शिवणवर्गाला गेली की मी सीडी लावायचो. सोबतीला संदीप – बायकोचा धाकटा भाऊ, महाडहून नोकरीसाठी आलेला, आमच्याकडेच राहणारा. त्या सिनेमांत एक नियम असतो – श्वास रोखला की भुताला माणूस दिसत नाही. उड्या मारत मढं आलं की आम्हीही श्वास रोखायचो. “भावोजी, सोडू नका!” तो ओरडायचा, आणि त्यातच त्याचा सुटायचा.

त्याचं लग्न ठरत आलं होतं. बायकोच्या मावशीने भाईंदरची मुलगी सुचवली होती. दोघं एकदा भेटली, तेव्हापासून संदीप उगाच आरशासमोर रेंगाळायचा. पुढचं बोलायला मावशी आली. तिच्यासाठी उशी काढायला बायकोने दिवाण उघडला – आणि हाताला माझ्या लपवलेल्या सीड्या लागल्या.

मावशीने एक कव्हर दोन बोटांत धरलं. “शी गं! माणसं कापतायत आणि वर दात काढतायत. कुणाच्या ह्या?”

संदीपने माझ्याकडे पाहिलं.

काय केलं असेन मी? श्वास रोखला. खरोखर रोखला – घड्याळाकडे बघत, छाती ताणून.

“माझ्या,” संदीप म्हणाला.

“मी पोरगी द्यायला आलेय, कोंबडी नाही,” म्हणत मावशी चहा न घेताच उठली. बायको भावावर चिडली. “ह्यांच्याकडून तरी काही शिकायचंस!”

तेव्हाही मी गप्प. खोटं तर बोललो नाही ना – असं स्वतःला किती वर्षं समजावलं? पुढच्या रविवारी विहारात चौथं शील सांगितलं, खोटं न बोलण्याचं. संदीप मागच्या रांगेत होता. माझ्यामागून त्याने ते शब्दन् शब्द म्हटलं. मग महिन्याभरात तो महाडला परत गेला. त्या मुलीचं दुसरीकडे झालं. त्याने लग्न केलंच नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. अजूनही भेटला की भावोजीच म्हणतो. सिनेमांचा विषय काढत नाही.

मी मात्र बघतो! आता मोबाइलवर, कानात इअरफोन घालून. गेल्या रविवारी तर एक भन्नाट मिळाला – आजीबाईचं भूत कुबडीने अख्खी पलटण लोळवतं. हसून डोळ्यांत पाणी आलं. मग उड्या मारत मढं आलं, आणि सवयीने मी श्वास रोखला. शेजारी कुणी ओरडलं नाही.

सीड्या माझ्या होत्या.