तिसऱ्या हाकेला ओ

शपथेवर सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे धुकं मी जरा दाट करून सांगतो, आणि शिरीषचं पोट जरा मोठं. तेवढं चालतंच! आम्ही नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनची मंडळी दर ऑक्टोबरात फेलुवेच्या जंगलाच्या कडेला मीनबाई नावाच्या डच आजींच्या शेतघरात दोन दिवस राहतो. मी, शिरीष, नेने आणि नेनेची बायको वृंदावहिनी. जातो पानांचे रंग बघायला आणि मीनबाईंच्या हातचं खायला. येताना डिकीत चेस्टनट असतात आणि डोक्यात किस्से. चेस्टनट आठवड्यात संपतात, किस्से साचत जातात.

*

पहिल्याच वर्षी शिरीष टोपली घेऊन धुक्यात पुढे गेला. थोड्या वेळानं हाक आली, "अरे, कुठे आहात?"

मी तोंड उघडणार, तोच नेनेनं त्यावर हात ठेवला. "ओ द्यायची नाही!"

नेने गुहागरचा. त्यांच्याकडे म्हणे माणूस तीनदा हाक मारतो. 'ते' दोनदाच मारतं. दुसऱ्या हाकेपर्यंत ओ दिली, की गेलात.

दुसरी हाक आली. आम्ही गप्प. मग तिसरी आली, शिवीसकट. धावत गेलो तर शिरीष गुडघाभर चिखलात.

"दोनदा बोंबललो! बहिरे झालात का रे?"

नेने शांतपणे म्हणाला, "मग तिसरी लवकर मारायची."

*

मीनबाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहतात. दालचिनी घालून पेअर शिजवतात, लालभडक होईपर्यंत. जेवण झालं की एक वाटी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवतात.

वहिनींना बरं वाटलं. मोडक्या डचमध्ये म्हणाल्या, "आमच्याकडेही ठेवतात. कावळ्यासाठी."

मीनबाई हसल्या. "कावळ्याला गोड आवडत नाही."

सकाळी बघितलं तर वाटी रिकामी. नुसती रिकामी नव्हे, धुऊन पालथी घातलेली! मीनबाई तर अजून उठल्याही नव्हत्या.

शिरीष म्हणाला, "आमच्या घरात जिवंत माणसं नाहीत इतकी शिस्तीची!"

*

एकदा शिरीषला वहिनींचा फोटो काढायचा होता, पानं पडताना. वारा अजिबात नव्हता. सगळं जंगल पिवळंधमक आणि गप्प. आणि वहिनींच्या मागचं एकच झाड पानं गाळायला लागलं, कुणी धरून हलवावं तसं. बाकीच्या झाडांचं पान हलेना.

फोटो निघाला. पानं पडतच राहिली.

नेने झाडाकडे बघून हळूच म्हणाला, "पुरे आता."

थांबली! शिरीषनं तो फोटो अजून कुणाला पाठवलेला नाही.

*

आता गेल्या वर्षीचं.

जूनमध्ये नेनेचे वडील गेले. नेने कामावर होता, कंपनीच्या क्लीनरूममध्ये. तिथे फोन नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. बाहेर आला तेव्हा बाबांचे दोन मिस्ड कॉल होते. त्यानं उलटा फोन लावला, तर उचलला शेजाऱ्यांनी.

तेव्हापासून नेने त्याबद्दल एक अक्षर बोललेला नव्हता. रडलाही नव्हता. वहिनी पेअर सोलता सोलता मला म्हणाल्या, "भावजी, जंगलात त्यांना एकटं सोडू नका. आंघोळीलासुद्धा फोन घेऊन जातात हो."

म्हणून मी त्याला चिकटूनच होतो. शिरीष स्वयंपाकघरात बोअरेनकोल नावाच्या इथल्या पालेभाजीला लसणाची फोडणी देत होता, म्हणजे बाहेर आम्ही दोघंच. धुकं होतं. शप्पथ, तेव्हा खरंच दाट होतं! चेस्टनट वेचत होतो. नेने म्हणाला, "भाजले की अगदी आठळ्यांसारखे लागतात. बाबांना आवडले असते."

चार महिन्यांत पहिल्यांदा.

तेवढ्यात मागून हाक आली. "बाळूऽऽ!"

मी विचारलं, "कोण रे हा बाळू?"

"मी," नेने म्हणाला. चेहरा पांढराफटक.

दुसरी हाक आली. जवळून.

मी त्याचं मनगट घट्ट धरलं. "थांब. तुझाच नियम आहे."

"फोनही दोनदाच वाजला होता रे," तो म्हणाला.

मग तिसरी हाक आली, लख्ख. नेनेनं हात सोडवला. "ओ, बाबा! आलो!" म्हणाला आणि धुक्यात शिरला.

मी ओरडत राहिलो. पाय काही उचलेनात. थोड्या वेळानं तो आपणहून परत आला. डोळे सुजलेले, तोंडावर हसू. सकाळपासून विस्कटलेल्या केसांचा एका बाजूला नीट भांग पाडलेला, शाळेतल्या पोरासारखा.

घरी त्यानं वहिनींना एवढंच सांगितलं, "हाक आली. मी ओ दिली."

वहिनींच्या हातातला डाव थांबला. त्या भांगाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तीनदा आली ना, भावजी?"

"तीनदा," मी म्हटलं.

वहिनींनी श्वास सोडला आणि पेअर वाढले. नेने तीन वाट्या जेवला.

सगळं खरं आहे. तिसरी हाक तेवढी मी घातली. आल्या दोनच.