घासूमामांचा हिरवा

घासूमामांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारावं असं कुणाला वाटलंही नाही. सारी नोकरी बस डेपोत चेपलेले पत्रे सरळ करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा मामा लोकांच्या अंगणातलं सामान रंगवून द्यायला लागले. कुणाचं गंजलेलं लोखंडी बाक, कुणाच्या उन्हापावसात भेगाळलेल्या लाकडी खुर्च्या, कुंड्यांचे स्टँड, फाटकावरची पत्रपेटी. रंगाआधी वस्तू घासायची, आणि घासायची म्हणजे घासायचीच. तारेच्या ब्रशनं गंज काढायचा, मग जाड काचकागद, मग बारीक, मग ओल्या फडक्यानं पुसून वाळल्यावर पुन्हा एकदा बारीक. मामांकडे खुर्ची दिली की तिचं स्टूल होऊन परत येतं, असं लोक म्हणायचे. पण द्यायचे त्यांच्याकडेच, कारण त्यांनी रंगवलेल्या वस्तूचे पोपडे निघालेले कुणी पाहिले नव्हते.

या मामांचं एक गुपित होतं आणि ते फक्त मामींना माहीत होतं. लाल आणि हिरवा हे रंग मामांना वेगळे ओळखता येत नसत. पिवळा चांगला दिसायचा, निळा तर झकास दिसायचा. पण विटकरी काय आणि गडद हिरवा काय, मामांच्या लेखी दोन्ही चिखलच. डेपोत याचं कधी अडलं नाही. तिथं सगळ्या बसना एकच रंग, तोही पिंपात तयार होऊन यायचा. घरी मामींनी व्यवस्था लावून दिली होती. मामा रंग घाऊक आणत आणि जुन्या, चिठ्ठ्या निघालेल्या डब्यांत ओतून ठेवत. त्या डब्यांतले हिरवे वरच्या फळीवर, लाल आणि विटकरी मधल्या, बाकीचे खाली. मामा फळी पाहून रंग ओळखत आणि गिऱ्हाइकासमोर डबा उघडून, मान तिरकी करून, "यात जराशी निळसर झाक आहे बघा," असं खुशाल ठोकून देत. गिऱ्हाईक डबा निरखून मान डोलवायचं. आतल्या खोलीत मामी ओठ दाबून हसत बसायच्या.

डब्यांवर नावं लिहू या, असं मामी कितीदा म्हणाल्या. मामांनी ऐकलं नाही. हिरव्या डब्यावर 'हिरवा' असं लिहिलेलं दिसलं की लोक शंका घेणार, हे त्यांचं म्हणणं. ज्या माणसाला दिसतं तो कशाला लिहील?

मग मामींच्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मामी तिच्याकडे जायला निघाल्या. दारात चप्पल घालता घालता त्यांनी बजावलं, की मी येईपर्यंत नुसतं घासत बसा, रंगाला हात लावू नका. म्हणाल्या त्या काळजीनंच, पण मामांना ते झोंबलं. आपल्याला काय अगदीच कुक्कुलं बाळ समजते ही? त्यांनी ठरवलं, परत येईल तेव्हा घर असं लख्ख दिसलं पाहिजे की ती बघतच राहील. सुरुवात त्यांनी मागच्या पत्र्याच्या खोलीपासून केली. सगळे डबे खाली उतरवले, फळ्या घासल्या, त्यावर नवा कागद अंथरला आणि डबे पुन्हा वर मांडले. उंचीप्रमाणे. बुटके पुढे, उंच मागे, शाळेच्या वर्गाचा फोटो काढतात तसे. लांब उभं राहून त्यांनी ती मांडणी बघितली आणि स्वतःवरच खूश झाले. आपण काय करून बसलो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या बाईंचं काम आलं. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. निवृत्त शाळेतून झाल्या होत्या, मुख्याध्यापकीतून नाही. बागेतलं लोखंडी गोल टेबल आणि चार लाकडी खुर्च्या, सगळं एकसारखं गडद हिरवं हवं, असं त्यांनी शुद्धलेखन घातल्यासारखं दोनदा सांगितलं. मामांनी सामान घासघासून गुळगुळीत केलं, भेगांत पुट्टी भरली, टेबलाला गंजाचा प्रायमर दिला, खुर्च्यांना लाकडाचा दिला. मग वरच्या फळीवरचा पहिला डबा काढून तीन खुर्च्यांना दोन-दोन हात मारले. डबा संपला. शेजारचा काढला. त्यातून चौथी खुर्ची झाली आणि टेबलही झालं. हात असा सफाईदार, की कुठे ब्रशची रेघ दिसू नये. सगळं सामान त्यांनी सकाळच्या उन्हात फाटकाजवळ ओळीनं वाळत ठेवलं आणि स्वतः पायरीवर चहा घेऊन बसले.

येणारा-जाणारा थांबून बघू लागला. मामांची छाती फुगली. पाववाला सायकलवरून उतरला, हसला, म्हणाला, "मामा, आज काहीतरी नवीनच." मामा म्हणाले, काम जुनंच, हात तोच. वायरमन तर खिशातून मोबाइल काढून फोटो घेऊन गेला. इथे मात्र मामांच्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं खुर्च्या रंगवल्या, आजवर एकीचाही फोटो कुणी काढला नव्हता.

त्यांनी मामींना फोन लावला. आधी बहिणीच्या गुडघ्याची चौकशी केली, मग हवेची, मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, की वरच्या फळीवर तू हिरवेच ठेवले होतेस ना.

"होते," मामी म्हणाल्या. "म्हणजे? आता नाहीत?"

"आहेत. जरा आवरलं मी."

मामी म्हणाल्या, व्हिडिओ कॉल करा आणि मला खुर्च्या दाखवा. मामांनी फोन आधी आभाळाकडे, मग स्वतःच्या कानाकडे आणि शेवटी खुर्च्यांकडे धरला. फोनमधून प्रथम बहिणीचं हसू ऐकू आलं. तिचा गुडघा दुखत होता, तरी ती हसत होती.

"अहो," मामी हळूच म्हणाल्या, "तीन हिरव्या आहेत. चौथी लाल आहे. टेबलही लालच आहे."

मामा फोन बंद करून सामान आत ओढायला धावले, पण तेवढ्यात बाई फाटकात उभ्या राहिल्या. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि चष्मा पुसून पुन्हा फिरवली. मामांच्या डोक्यात दोन-तीन थापा तयार होत्या: हे नमुने आहेत, हा खालचा हात आहे, यावर अजून वरचा हात यायचाय. पण बाईंसमोर थाप मारायची म्हणजे चांगलीच छाती हवी, आणि ती सकाळी फुगून आता रिकामी झाली होती.

"बाई," ते म्हणाले, "मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. लहानपणापासून."

आयुष्यात पहिल्यांदाच ते हे घराबाहेरच्या माणसाला सांगत होते. बाईंनी एवढंच विचारलं, की मागच्या वर्षी 'निळसर झाक' म्हणून जे कौतुक केलंत ते काय होतं. मामांनी मान खाली घातली. बाईंना हसू आवरेना. त्यांनी स्वतः आत जाऊन डबे उघडून पाहिले, हिरवा डबा मामांच्या हातात दिला आणि चूक झालेलं पुन्हा करून द्यायला सांगितलं. घासण्यापासून.

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. मामांना वाटलं होतं आपला धंदा बसला. तसं काहीच झालं नाही. झालं ते वेगळंच. लोक त्यांना रंग शिकवू लागले. पाववाला सायकलवरूनच ओरडून सांगायचा, की मामा, आज शर्ट हिरवा आहे बरं का. बाई टोमॅटो घेऊन जाताना थांबून पिकलेला कुठला ते दाखवायच्या. मामा चिडायचे, मग चिडणंही बंद झालं, कारण चिडलं की लोक आणखी सांगत.

मामी परत आल्या त्या दिवशी वायरमन दारातल्या दिव्याची वायर जोडायला आला होता. काम करता करता तो सहज म्हणाला, "बाकी मामा, तुमच्या या लाल फाटकासारखा रंग बाईंना दिला असता तरी शोभला असता."

मामांच्या हातातला कप तसाच राहिला. "कुठलं लाल फाटक?"

वायरमन गडबडला. मामी लगबगीनं स्वयंपाकघरात गेल्या. हे फाटक मामांनी घर घेतलं तेव्हा रंगवलं होतं, हिरव्या रंगानं. हिरवंच हवं म्हणून त्यांनी मामींशी चांगला आठवडाभर वाद घातला होता. मामी शेवटी गप्प झाल्या होत्या आणि डबा त्यांनीच उघडून हातात दिला होता. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी मामांनी मोठ्या अभिमानानं त्यावर नवा हात मारला होता. डबा दर वेळी मामीच देत.

"अगं," मामा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "इतकी वर्षं?"

"तुम्हाला हिरवं दिसत होतं ना," मामी भांडं विसळत म्हणाल्या. "मला लाल दिसत होतं. दोघांचंही मन राखलं गेलं."

मामा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी काचकागद काढला आणि फाटक घासायला बसले. सगळ्या वर्षांचे थर त्यांनी लोखंडापर्यंत उतरवले. मामी दोनदा बाहेर येऊन विचारून गेल्या, हिरवा डबा काढून देऊ का. त्यांनी खरोखरच मनापासून विचारलं होतं. मामा म्हणाले, गरज नाही. ते आत गेले आणि खालच्या फळीवरून एक डबा स्वतःच उचलून आणला, कुणाला न विचारता, फळी न मोजता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी बाहेर आल्या तेव्हा फाटक पिवळंधमक झालं होतं. इतकं पिवळं, की समोरच्या घरातलं मांजर कुंपणावरून उडी मारायच्या आधी थांबून बघत होतं. पिवळा रंग मामींना आयुष्यात कधी आवडला नव्हता.

"कसं वाटतं?" मामांनी विचारलं. कपाळावरही थोडा पिवळा लागला होता.

मामींनी फाटक एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "लांबून ओळखू येईल घर." आणि कपाळ पुसायला टर्पेंटाइनचं फडकं आणायला आत गेल्या.