प्रल्हादची भिंत

ओळंबा मी पुन्हा एकदा सोडून पाहिला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेला लोखंडी गोळा. भिंत सरळ असली की तो खाली भिंतीला टेकल्यासारखा राहतो. इथे तो भिंतीपासून चार बोटं दूर लोंबत होता. म्हणजे भिंत वरून आत झुकली होती, आणि आतल्या बाजूला स्टेज येणार होतं.

काम रायपूरच्या गुढियारी भागातल्या एका समाजभवनाचं होतं, माझं नव्हतं. मी वीटकामाचा ठेकेदार आणि शहरातल्या आमच्या ठेकेदार संघटनेचा अध्यक्ष. तक्रार आली की अध्यक्षाने स्वतः साइटवर जायचं, हा नियम मीच करून घेतला होता. भवनाचे सचिव साहूजी यांना भिंत बघून शंका आली, त्यांनी फोन केला. ठेका प्रल्हादचा आहे हे मला माहीत होतं. तरी ओळंबा पिशवीत टाकून मी निघालो.

प्रल्हाद आणि मी भंडाऱ्याकडून एकाच सुमारास रायपूरला आलो. एकाच मिस्त्रीच्या हाताखाली वीट धरायला शिकलो. मी आधी ठेकेदार झालो. तो बरीच वर्षं माझा हेडमिस्त्री होता. संघटना उभी करायची म्हणून मी घरोघरी फिरलो, तेव्हा स्कूटरवर मागे तोच बसलेला असे. बायको गेल्यापासून माझ्याशी मराठीत बोलणारा तोच एक माणूस उरला होता. पोरगा समजतो सगळं, पण उत्तर हिंदीत देतो. रविवारी प्रल्हाद शंकर नगरला घरी यायचा, आणि चहावर आम्ही गावाकडच्या जित्या-मेल्या माणसांची चौकशी करत बसायचो. हे भवन म्हणजे त्याचं स्वतःच्या नावाचं पहिलं मोठं काम.

झुकलेली भिंत कधीकधी वाचवता येते. बाहेरून जोडभिंतीचा आधार देतात. म्हणून मी खिशातली किल्ली काढली आणि दोन विटांमधला सिमेंटचा मसाला खरवडला. तो पिठासारखा गळाला. मग आधाराचा प्रश्नच उरला नाही. सिमेंटला ओलावा लागतो. नवीन भिंतीला रोज पाणी पाजावं लागतं. त्याला क्युरिंग म्हणतात. मे महिन्यातल्या रायपूरच्या उन्हात क्युरिंग चुकलं तर भिंत नुसती उभी असते, बांधलेली नसते.

प्रल्हाद मागेच उभा होता.

"टँकर येत नव्हता भाऊ," तो म्हणाला. "अन् उद्घाटनाची तारीख ठरून गेली. मी काय करू?"

"काम थांबवाचं होतं."

"थांबवलं असतं तं काम दुसऱ्याले गेलं असतं." मग आवाज उतरवून म्हणाला, "प्लास्टर झाल्यावर दिसत नाही. तू फक्त ठीक आहे म्हण. तुया शब्दावर कोणी बोलत नाही."

हे खरं होतं. त्या शब्दासाठीच मला बोलावलं होतं.

"प्रल्हाद, खाली स्टेजवर पोट्टे नाचतीन," मी म्हणालो. "पाडाव लागते."

साहूजींना बाजूला नेऊन मी हिंदीत तेच सांगितलं. ते हव, हव म्हणत मान डोलवत राहिले, आणि शेवटी उद्घाटनाचं काय, असं विचारलं. मी म्हटलं, पुढे ढकला. पण काम प्रल्हादकडून काढू नका, पाणी मिळालं तर त्याच्याइतकी सरळ भिंत शहरात कोणी बांधत नाही. साहूजींनी ते मान्य केलं. ही गोष्ट मी प्रल्हादला कधी सांगितली नाही. सांगितली असती तर उपकार झाला असता.

भिंत पाडायच्या दिवशी मोहल्ल्यातले लोक जमले. संघटनेचेही काही जण आले. दोरखंड बांधून मजुरांनी ओढायला सुरुवात केली. भिंत पडेना. पुन्हा ओढली, तरी पडेना. मागे कुजबुज सुरू झाली. एक मेंबर मला ऐकू येईल असं म्हणाला की इतनी मजबूत दीवार थी, फालतू में तुड़वा दी. मी वळून बघितलं नाही. शेवटी ती एका बाजूने खचली आणि सगळीच्या सगळी आत, स्टेजच्या जागेवर आली.

धूळ बसल्यावर मी ढिगातून एक वीट उचलली. कारखान्यातून आल्यासारखी कोरी. चांगल्या भिंतीतली वीट मसाला सोडत नाही, तो छिन्नीने काढावा लागतो. मी वीट फिरवून बघितली. समोर प्रल्हाद उभा होता, तोही त्या विटेकडेच बघत होता. त्याला ते समजलं, हे मला दिसलं. तो तसं म्हणेल म्हणून मी वाट पाहिली.

"और कुछ देखना है, अध्यक्षजी?" तो म्हणाला.

इतक्या वर्षांत तो माझ्याशी हिंदीत बोलला नव्हता.

"नाही," मी म्हणालो. तो मजुरांकडे निघून गेला.

पुढच्या रविवारी मी दोन कप चहा टाकला. का टाकला, माहीत नाही. मुलाने विचारलं, कोई आ रहा है क्या? मी नाही म्हटलं. दुसरा कपही मीच प्यालो.

नवी भिंत प्रल्हादने पावसाळा संपल्यावर बांधली. गोणपाट लावून रोज पाणी मारलं. मी एकदा रस्त्यावरूनच बघितली. सुरेख उभी आहे. तिथे आता लग्नं होतात. संघटनेच्या मीटिंगमध्ये सगळे नमस्कार करतात, खुर्ची देतात, आणि चहाच्या वेळी दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहतात. यंदा मी पुन्हा अध्यक्ष झालो, बिनविरोध. लोकांना वाटतं हा मान आहे. खरं म्हणजे ओळखीच्या माणसाची भिंत पाडा म्हणायचं काम दुसऱ्या कोणाला नको आहे.

नवीन ठेकेदार विचारतात, अनुभवातून काय शिकलात. मी सांगतो, पडलेल्या भिंतीचा पंचनामा होतो, चूक कोणाची ते कळतं. वेळेवर पाडलेल्या भिंतीचा होत नाही. ती पडलीच असती, हे सिद्ध करायची सोय या धंद्यात नाही.