नव्या न्यायमूर्तींची बातमी

काल हायकोर्टाच्या कँटीनमध्ये माझ्या अशील कदमबाई पेपरची घडी हातात घेऊनच आल्या. राष्ट्रपतींनी नवे न्यायमूर्ती नेमल्याची बातमी त्यांनी पेनाने अधोरेखित केली होती.

"मॅडम, आता आपली केस लागेल ना?"

कदमबाई प्राथमिक शिक्षिका. संस्थेने आठ वर्षांपूर्वी त्यांना नोकरीवरून काढलं. येत्या फेब्रुवारीत त्या निवृत्तीच्या वयाच्या होतील. मग जिंकल्या तरी वर्ग मिळणार नाही.

मी खोटा धीर देत नाही. म्हटलं, "आधी शपथ, मग कामाची वाटणी. त्यांच्यापुढेही जुन्या केसेसचा डोंगर असणार."

"असणारच. माझी बदली झाली की आधीच्या बाईंच्या न तपासलेल्या वह्या माझ्याच टेबलावर यायच्या. मी गठ्ठा उलटा करून तळापासून सुरू करायचे. तळातल्या पोरांनी जास्त वाट पाहिलेली असते."

नेमणुकीच्या बातम्या मी वकिलाच्या नजरेने वाचते: कोण आलं, कुठून आलं. त्याच चार ओळींत कोणी आपला उरलेला शाळेचा काळ मोजत असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

मी तिथेच लवकर सुनावणीच्या अर्जाचा मसुदा लिहायला घेतला. कदमबाई म्हणाल्या, "भरपाईचं मागे ठेवा. मला एकदा वर्गात उभं राहून हजेरी घ्यायचीय, एवढं लिहा."

कायद्याच्या भाषेत ते वाक्य बसत नव्हतं. तरी मी ते पहिल्या परिच्छेदात घातलं.