शिलाईच्या खोलीतले दिवे

माझी बायको लग्नाचे गाऊन शिवायची. शिरोड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांतल्या कितीतरी नवऱ्या मुली तिच्या हातचा गाऊन घालून चर्चच्या पायऱ्या चढल्या. मी ओरोसला सरकारी कचेरीत कारकून होतो. निवृत्त झालो त्याच वर्षी साखरेने तिच्या डोळ्यांचे पडदे धरले. गोव्याच्या डॉक्टरांनी लेसर केलं, इंजेक्शनं दिली, तरी नजर उतरतच राहिली. पांढऱ्या कापडावर पांढरे मणी लावताना सुई बोटात जायला लागली. खोलीत उजेड कमी पडतो, असं ती एकदा म्हणाली आणि मी तेवढंच धरून बसलो.

खोलीचं माप कागदावर काढून तिला घेऊन मी कुडाळला दिव्यांच्या दुकानात गेलो. मशीन खिडकीशी, कापायचं टेबल दुसऱ्या भिंतीला, मध्ये सिमेंटचा खांब. दुकानदाराने वाकवता येणारा ट्रॅक दाखवला. छताला लावायची पट्टी, हवी तशी वळवायची; तिच्यावर छोटे दिवे सरकतात, दिव्याची मान फिरवली की उजेड पाहिजे तिथे पडतो. खांबाला वळसा घालून एकच पट्टी मशीनपासून टेबलापर्यंत जाईल म्हणाला. झोत रुंद की अरुंद, कापडाचा खरा रंग कुठल्या दिव्यात दिसतो, मी सगळं खोदून विचारलं. इतक्या महिन्यांत प्रथमच काहीतरी माझ्या हातात होतं.

मग त्याने शेजारी शेजारी दोन दिवे लावले, एक पिवळसर, एक लख्ख पांढरा, आणि वहिनींना कुठला बरा वाटतो ते विचारलं. ती थोडा वेळ समोर बघत राहिली. मग चाचपून माझा हात धरला.

"तुमका आवाडता तो घेवया," म्हणाली.

माझा मान राखतेय, असं मला वाटलं. पांढरा घेतला.

ट्रॅक कोल्हापूरहून यायला तीन आठवडे गेले. तेवढ्या दिवसांत ती मशीनवर बसली नाही. दिवे आले की बसेन म्हणायची. वायरमनने दीड दिवस लावला. सहा दिवे, चार मशीनवर रोखले, दोन टेबलावर. खोली अशी उजळली की भिंतीचे पोपडे दिसायला लागले. मी तिला खुर्चीवर बसवलं, अर्धवट गाऊन मांडीवर दिला. ती कापडावरून हात फिरवत राहिली.

"दिवे लावलात काय?" तिने विचारलं.

मी बटणाशी जाऊन ते बंद केले, पुन्हा लावले. तिचे डोळे हलले नाहीत.

मग तिने सांगितलं. शेवटच्या खेपेला मी औषधांच्या रांगेत उभा असताना डॉक्टर तिला म्हणाले होते की आता उपाय उरला नाही. दुकानातले दोन्ही दिवे तिला सारखेच धूसर दिसले होते; आता तेवढंही दिसत नव्हतं. मग तेव्हाच का नाही बोललीस, असं मी विचारलं, आणि विचारताना आवाज चढला. आयुष्यात तिच्यावर इतका कधी रागावलो नव्हतो.

"तुमका कायतरी करूचा होता," ती म्हणाली. "तां कशाक मोडू?"

मी खोलीबाहेर गेलो. ती तिथेच, त्या उजेडात, गाऊन घेऊन बसून राहिली.

ज्या नवरीचा तो गाऊन होता, तिची आई दुसऱ्या दिवशी येऊन तो घेऊन गेली. तो वेंगुर्ल्याच्या एका बाईने पुरा केला. लग्नाला आम्ही गेलो. मिरवणूक आत येताना तिने माझा हात धरून कानाशी विचारलं, गळ्याकडचे मणी सरळ आसत काय? नवरीची आई मला आधीच सांगून गेली होती की ते सगळे वाकडे लागले होते, उसवून पुन्हा लावावे लागले.

सरळ आसत, मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि माझा हात सोडून दिला.